डाग

टाकी क्रमांक अकरा.
मॅनहोलमधून आत उतरलो तेव्हा
बाहेर गंगापूर रोडला टळटळीत दुपार,
आत रात्र,
आणि माझ्याच श्वासाला घागरीसारखा घुमारा.

काम साधं होतं.
नमुना काढायची तोटी असते कमरेएवढ्या उंचीवर,
तिच्या मागे, आतल्या अंगाला,
वीस लिटरची डबी जोडायची. थ्री-नॉट-फोर, दोन एमएम.
डबीत वाइन.
उरलेल्या टाकीत काय, ते मी विचारलं नाही.
कोठावदे साहेब एवढंच म्हणाले,
"गांगुर्डे, फिनिशिंग छान पाहिजे."

दिलं. बफ मारून असं दिलं
की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये.
अशा नऊ टाक्या.

मार्चअखेर बँकेचे लोक आले.
सोबत ऑडिटच्या पारनेरकर मॅडम, नवीनच होत्या.
प्रत्येक तोटी उघडली, ग्लास उजेडात धरला,
वास घेतला, आकडा लिहिला:
शिराझ, एक लाख ऐंशी हजार लिटर.
वरून झाकण उघडून बघायचं म्हणाल्या, तर शिडी नव्हती.
शिडी दुरुस्तीला गेली होती.
सातपूरला, माझ्याच शेडमध्ये.
तिला काही झालेलं नव्हतं.

माझे वडील तांबट लेनमध्ये गडू बंद करायचे.
यात्रेकरू रामकुंडावरून गंगा भरून आणत,
वडील झाकणाला कथलाचा डाग देत,
आणि ते पाणी कुठल्या कुठल्या देवघरात जाऊन बसे,
वर्षानुवर्षं,
कोणी उघडून बघणार नाही असं.
एकदा एका म्हातारीचा गडू माझ्या हातून सांडला.
मी म्हणालो, नळाचं भरतो, कोणाला कळतंय.
त्यांनी मला घाटावर पिटाळलं. अनवाणी, वैशाखात.
परत आलो तर गडू अर्धाच, हिंदकळून गेलेला.
पुन्हा पिटाळलं.
कारण सांगितलं नाही. ते कारणं सांगणारे नव्हतेच.

कर्ज मंजूर झालं, वाटलं गेलं, कुठे गेलं ते छापून आलं.
बॉटलिंगच्या पोरींचा सात महिन्यांचा पीएफ
पगारातून कापलेला, पण भरलेलाच नव्हता.
टाक्या उघडल्या तेव्हा
आत कॅनॉलचं पाणी होतं, वर हिरवी साय.

आर्थिक गुन्हे शाखेतल्या धात्रक बाईंनी
माझं बिल टेबलावर ठेवलं.
"तोटीमागे आतून डबी बसवणे, नग नऊ,
आर्गन वेल्डिंग व बफिंगसह."
म्हणाल्या, "तीन कपाटं कागद जप्त केलेत,
त्यात खरं बोलणारा हा एकच."
मला वाटलं, कौतुक करतायत.
मग त्यांनी विचारलं, "शिडी?"

खरं सांगतो, मी काही खरेपणाने लिहिलं नव्हतं ते.
केलेलं काम बिलात लिहायची सवय.
त्यावर जीएसटीसुद्धा लावला होता.

सीबीएसजवळच्या कोर्टात, जिन्यावर, साहेब भेटले.
जामिनावर. शर्ट पांढरा, कॉलरला स्टार्च.
"कसे आहात, गांगुर्डे?" म्हणाले.
आहात.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
मी नकळत हात पुसले पॅन्टला.

आता अवसायकाचा फॉर्म आलाय.
कंपनीकडून ज्यांचं येणं आहे त्यांनी भरायचा.
एकेचाळीस हजार चारशे. बायको म्हणते,
भरा की, घामाचे आहेत.
नाव भरलं. पत्ता भरला. रक्कम, अक्षरी रक्कम.
पुढचा रकाना: कामाचे स्वरूप.

आमच्या धंद्यात जोडाला डाग म्हणतात.
तेवढंच लिहावं का?
पेनचं टोपण उघडंच राहिलंय दुपारपासून,
शेडमध्ये ती शिडी भिंतीला टेकून,
न्यायला कोणी आलं नाही.