दोन इंच माया

पूलगेटच्या आमच्या दुकानात
आप्पांची मापांची वही अजून आहे.
पान एकशे बारा : उबैद बावझीर, कॅडेट, खडकवासला.
छाती चौतीस. कंबर सव्वीस.
कडेला आप्पांचं बारीक अक्षर,
'पोर वाढतंय. शिलाईत दोन इंच माया ठेवणे.'

पोर गेलं आपल्या समुद्राकाठच्या देशात
आणि मापं टपालाने येऊ लागली.
कॅप्टन : छाती अडतीस.
मेजर : गळा सोळा.
एका वर्षी नुसतंच, डावी बाही दीड इंच कमी.
आप्पांनी कारण विचारलं नाही,
कापड बेतलं.
ब्रिगेडियर झाला तेव्हा खजुराचा डबा आला.
जनरल झाला तेव्हा टाइप केलेलं पत्र,
खाली सही दुसऱ्याच कुणाची.

काल तो स्वतः आला, कोंढव्याहून, रिक्षाने.
मीटरवरून भांडला रिक्षावाल्याशी
पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठीत.
नात इथे फार्मसी शिकते, तिच्याकडे असतो.
पिशवीतून गणवेश काढला, शेवटचा.
"याचा साधा कोट होईल?"

खांद्यावरचे तलवार-तारे मी उसवले.
खाली कापडाचा मूळ रंग,
ऊन न लागलेला.
बटणांवर ज्या देशाचा गरुड
त्या देशाचे आता दोन तुकडे
आणि दोन्हीकडच्या यादीत याचं नाव.

मुलाने आतल्या खोलीत मोबाईल दाखवला :
बाबा, बंदराच्या त्या गावावर
यानेच लावल्या होत्या तोफा. तीन दिवस.
मी गळ्यातली टेप धरून उभा राहिलो.
आप्पा असते तर काय केलं असतं, कळेना.
मग बाहेर येऊन म्हणालो, हात वर करा.
जनरलने केले.
डावा अर्ध्यावर अडला.
छाती चौतीस.
पुन्हा मोजली. चौतीसच.

त्याने वही मागून घेतली,
आप्पांची ओळ बोट ठेवून वाचली.
"आता कोट आत घ्यावा लागेल," मी म्हणालो,
"माया कापून टाकू, की राहू दे आत?"
तो बराच वेळ बोलला नाही.
बाहेर पीएमटी थांबली, भरली, गेली.
"तुमचे वडील काय करायचे?"
"ठेवायचे."
"मग तुम्ही ठरवा."

बटणं मोजून खिशात घातली त्याने. पाच.
सहावं माझ्या टाचण्यांच्या डब्यात पडलंय.
शनिवारी कोट न्यायला येईल तेव्हा देईन.
कोट अजून टेबलावर आहे,
कात्री शेजारी.