पाच चिंचोके

मोहटोल्याच्या समाजमंदिरात सतरंजी मीच अंथरली,
खुर्च्या मागच्या भिंतीला लावल्या,
कारण पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, सगळे खाली बसू, आम्हीसुद्धा.
त्यांना सवय नव्हती. घडीघडी पाय बदलत होत्या.

मी ग्रामीण रुग्णालयातला रक्त काढणारा.
सतरा वर्षं झाली.
जमलेल्या एकोणतीस जणांपैकी बाविसांना मी शिरेवरून ओळखतो.
गुजाबाई मडावी: मनगटाच्या वर, पातळ, सुई पाहिली की लपणारी.
प्रल्हाद कुळसंगे: दोरीसारखी, पण रक्ताला घाई नाही.
पंचशीला खोब्रागडेचा सम्यक, अकरा वर्षांचा: उजवा हात, कोपराच्या आत,
एका टोचणीत.
त्या हाताचा मला अभिमान आहे.

आवाजाचं म्हणाल तर
मला त्यांचा फक्त ‘स्स्’ माहीत.

मधोमध आठ चित्रं मांडलेली.
नवं औषध. जुन्या गोळीचा डोस. पोटातल्या बाळाची तपासणी.
बाकीची मलाही नीट कळली नाहीत.
माणशी पाच चिंचोके.
‘सिकलवर पुढची पाच वर्षं आम्ही काय शोधावं, ते तुम्ही ठरवा.’

शांतता.
‘तुमी शिकलेले, तुमीच सांगा ना बाप्पा,’ प्रल्हाद म्हणाला.
गुजाबाईला एवढंच हवं होतं: ‘ठेवले का मंग परत घेता येते का?’
मग कोणीतरी औषधावर एक टाकला,
आणि लग्नात पहिली अक्षत पडावी
तसे सगळ्यांचे हात सुटले.

पंचशीला शेवटी उठली.
चित्रांभोवती एक फेरी मारली
आणि पाचही चिंचोके ठेवले
दोन चित्रांच्या मधल्या उघड्या सतरंजीवर.

‘ताई, चित्रावर ठेवा,’ मी म्हणालो. मीच म्हणालो.

‘माह्या सवालाचं चित्रच नाही.
पोरगा सांजी कन्हाले लागते.
सहाची गाडी गेली का मंग सकाळीच.
लवकर नेलं त म्हन्ते, काही नाही, उगाच आनलं.
थांबून नेलं त म्हन्ते, एवढा उशीर काहून केला?
त मी घरी किती वेळ थांबू, अना कधी निघू?
हे कोनी शोधलं का?’

मॅडमनी या वेळी पाय बदलला नाही.
‘मला माहीत नाही,’ त्या म्हणाल्या.
‘शोधलं असेल, तर इथवर आलेलं नाही.’

गुजाबाई वाकली.
औषधावरचे आपले तीन उचलले, मोजून,
आणि पंचशीलाच्या पाचांशेजारी ठेवले.
प्रल्हादनं आणखी एक जागा धरली, सतरंजीच्या काठाशी:
रोवण्याच्या दिवसांत दुखणं धावून येते
ते चिखलात उभं राहून, का त्या दिवशी पाणीच कमी पेतो म्हणून?

औषधावरचे सगळे काही उठले नाहीत.
उठूही नयेत.
मी मोजले: औषध अठ्ठेचाळीस, उघडी सतरंजी एकसष्ट.

मॅडमनी कोऱ्या कागदावर लिहिलं.
‘वाचा,’ पंचशीला म्हणाली.
‘रुग्णालयात जाण्याच्या निर्णयाची योग्य वेळ.’
‘मी असं नाही म्हनलं.’
खोडलं. दुसऱ्यांदाही खोडलं.
तिसऱ्यांदा ‘सहाची गाडी’ कागदावर आली,
तेव्हा ती खाली बसली.

पुढचं कोणाला ठाऊक.
कागद पुण्याला गेला. तिथे त्याचं काय होतं,
कोणाच्या टेबलावर, कोणत्या भाषेत, ते इथून दिसत नाही.
चिंचोके बालवाडीच्या ताईंनी मागून नेले.

मंगळवारी सम्यक आला.
मी रबरी पट्टा उचलला, त्याच्या उजव्या हाताकडे वळलो,
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा थांबलो.
‘कोणता हात?’

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, मी विसरलो.

‘डावा घ्या,’ म्हणाला.
‘उजवा दिवसभर दुखते. लिवता येत नाही.’

डाव्या हाताची शीर खोल होती.
दोनदा टोचावं लागलं.
तो ‘स्स्’ म्हणाला नाही.