छाट

आमच्या नागरी आरोग्य केंद्रात एकच पंखा चालू,
तो संगणकासाठी.
माझी ऑर्डर अकरा महिन्यांची,
पंख्याची कायम.

बाहेर बेचाळीस.
हा आकडा मला भरावा लागत नाही.

महानंदा कोरे वही आपटते टेबलावर.
घामानं फुगलेली पानं, निळी शाई पसरलेली:
जुलाब, उलटी, वय चार, मुलगी.
जुलाब, वय साठ, सलाईन लावली.
मी टाइप करते.
पोर्टल विचारतं, घर क्रमांक?

जुन्या मिलच्या भिंतीला टेकून उभ्या पत्र्यांना
क्रमांक कोण देणार?
रकाना लाल होतो.
नोंद अपूर्ण, नोंद अमान्य.
शनिवारी अहवाल वर जातो:
प्रभागात साथ नाही.

घरी अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली.
पान, तंबाखू, दोरा, बोटं,
हजाराचा हिशोब तोंडातल्या तोंडात तेलुगूत.
कारखान्यात चेकर त्यातून मूठभर बाजूला काढतो: छाट.
पान फाटकं, तोंड सैल.
त्याचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.
लहानपणी विचारलं होतं मी,
छाट कुठं जाते गं?
"जाते कुठं! तीपण विकतात.
तीपण कुणीतरी ओढतंच की.
धूर तेवढाच निघतो."

दुसऱ्या दिवशी मी अमान्य नोंदींची यादी उघडली.
एकशे सतरा.
शेजारी एक रकाना जोडला, कुठल्याच नमुन्यात नसलेला:
पाणी कधी आलं होतं?

महानंदानं वाचलं. "हे विचारायला कुणी सांगितलं?"
कुणी नाही.
"मग विचारते."

पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात
माणसं मुलांच्या जन्मतारखा विसरतात,
पाण्याचा वार नाही.
पाहुणे, बारसं, केस धुणं,
सगळं बॅरलला विचारून.
पटापट उत्तरं आली.
नंबर नव्हते, म्हणून प्रत्येक दारात उभी राहून
ती फोनवरून जागा पाठवत गेली,
पदर डोक्यावर, चप्पल डांबराला चिकटत.

पाणी सोमवारी, जुलाब बुधवारी.
पाणी शनिवारी, जुलाब सोमवारी.
पाणी गुरुवारी,
पुढचं मला न बघता सांगता आलं असतं,
तरी बघितलं.

नकाशावर ठिपके टाकले.
घोळका नव्हता, ओळ होती,
भिंतीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत,
आणि गिरणीपाशी तुटलेली.

साहेब म्हणाले, हा तक्ता कोणत्या नमुन्यातला?
चावीवाले इब्राहिम नदाफ काही म्हणाले नाहीत.
चष्मा नव्हता. कागद लांब धरला,
जिथं ओळ तुटते तिथं बोट ठेवलं.
"इथं लाइन गटार ओलांडते.
चावी बंद केली की पाइप दम आत ओढतो,
खड्ड्यातलं ओढून घेतो.
पुढच्या पाळीला तेच आधी घरात."
तुम्हाला माहीत होतं?
"दोनदा लिहून दिलंय.
अर्जात वॉल्व्हचा नंबर नव्हता,
परत आला."

मी अम्माच्या सुपाकडे बघावं तसं
त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

पाइप बदलला. अकरा दिवस लागले,
म्हणजे आणखी दोन पाळ्या.
महानंदा दारोदार सांगत फिरली, उकळा, उकळा,
आणि लोक विचारत, गॅस कोण भरणार?

आता त्या गल्लीच्या ओळी रिकाम्या येतात.
रिकाम्या ओळीचा फोटो काढायला कुणी येत नाही.
न झालेला जुलाब कुणाच्या लक्षात राहतो?
पोरं शाळेत गेली, बाया विड्या घेऊन कारखान्यात,
बुधवार बुधवारसारखा गेला.

फक्त त्रेसष्टावी नोंद.
वय चार, मुलगी.
सिव्हिलला नेलं होतं, रिक्षानं, रात्री.
घर क्रमांकात मी "भिंतीमागे" लिहून पाहिलं.
रकान्याला अंकच चालतात.

माझी ऑर्डर संपली की नवी मुलगी येईल,
यादी साफ करायला बसेल.
म्हणून शेऱ्यात लिहून ठेवलंय:
लाल आहे, राहू द्यावी.
पुसू नये.