एक तोळा तांबं

बिटररूटच्या खोऱ्यात, हॅमिल्टन गावी,
खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात, पार मागे,
माझं काउंटर. गळ, दोऱ्या, पितळी नळ्या,
आणि गोळ्या. नुसती टोकं.
दारू निराळी, नळी निराळी,
ज्याची त्यानं घरी बसून भरायची.

ऑरिन टॉल्फसन सप्टेंबरात येतो.
वय चौऱ्याहत्तर. दोन बोटं लाकडाच्या गिरणीनं ठेवून घेतलेली.
खिशात यादी,
यादीत आधी किंमत, मग वस्तू.

"सरावाला स्वस्तातली," तो म्हणतो,
"कागदाला कुठं दुखतं?"
पोटात शिसं, वर तांब्याचा पातळ पत्रा,
शंभरचा डबा, नगाला चाळीस सेंट.
मी विचारते, मग एल्कला हीच का नको?
(एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ,
असं मी आईला फोनवर सांगितलं होतं.
ती म्हणाली, थोरला आहे तर मान द्या.)

ऑरिन डबा खाली ठेवतो.
ब्याण्णव साल. खांद्याच्या हाडावर बसली,
आणि तिथंच तिचा भुगा झाला.
जनावर चालत गेलं.
अंधार पडेतो तो रक्ताच्या थेंबांमागे,
दुसऱ्या दिवशीही. मग बर्फ पडला.
"चाळीस नव्हे, तेव्हा अकरा सेंट होते," तो म्हणतो,
"ते वाचवले मी."

म्हणून ही दुसरी. आरपार तांब्याची, शिसं नाहीच.
वजन तेच, एकशे ऐंशी ग्रेन, फक्त अंगानं लांब,
त्यामुळं कागदावर थोडी खाली लागते, थोडी डावीकडं.
पाच तरी झाडून बघायला हव्यात.
मी एक उचलून काट्यावर ठेवते.
एकशे ऐंशी ग्रेन.
माझे वडील विट्याचे, गलाईवाले,
जन्मभर कोईमतूरच्या एका बोळात
दुसऱ्यांचं सोनं वितळवत बसलेले.
हे वजन माझ्या तळव्याला पाठ आहे:
बरोबर एक तोळा.

आता हिशोब.
वीसचा डबा, नगाला दीड डॉलर.
पन्नासचा घेतला तर एक दहा.
"पन्नास स्वस्त पडतात," मी म्हणते.
"कुणाला?"
पाच जुळवायला, एक एल्कला, एक चुकीला:
वर्षाला सात.
तो उरलेल्या बोटांवर मोजतो,
बोटं कमी पडतात, पुन्हा अंगठ्यापासून धरतो.
"सात वर्षं. म्हणजे मी एक्याऐंशीचा."
बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं,
तो ट्रक पूर्ण लागेपर्यंत आम्ही गप्प.
"दे पन्नास," तो म्हणाला,
"पण सातच नेतो. लोरीन पावती बघते."

उरलेला डबा माझ्या गल्ल्याखाली.
झाकणावर मी पेन्सिलीनं लिहिलं ४३,
आपल्या आकड्यांत,
म्हणजे मालकाला वाटावं, नक्षी आहे.

नोव्हेंबरात तो आला, ताठ,
एका कुशीवर झोपून आलेल्या माणसासारखे केस.
कागदात बांधलेलं मांस, सहा पौंड,
आणि काडेपेटीत गोळी:
चार पाकळ्या उघडून मागे वळलेल्या.
"उभ्या जागी बसला," एवढंच बोलला,
आणि टोपी काढली. दुकानात, खिळ्यांसमोर.

तो गेल्यावर मी काट्यावर ठेवली.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
मुशीतून काढलं की वडील हे आधी सांगायचे,
सोनं दाखवायच्याही आधी:
घट धरावी लागते, ताई,
कमी झालं नाही असं कुणी म्हणालं
तर त्याच्याकडं टाकू नये.
दोन ग्रेन. आमच्या हिशेबानं गुंजभर.

रात्री काळा मसाला घालून शिजवलं, तीन तास.
नवऱ्याला सांगितलं,
पोराला सांगितलं,
कुठंतरी यात गुंजभर तांबं आहे.
आम्ही सावकाश चावत राहिलो.