आज कुठला हात

जूनमध्ये आमच्या गावी रात्र होत नाही.
सूर्य खाडीच्या काठाला टेकतो,
पाय ओले केल्यासारखे करतो
आणि पुन्हा चढू लागतो.
आइसलँडला आलेले पाहुणे त्याचे फोटो काढतात.

राग्ना स्टुलावर चढून
ओर्वरच्या खिडकीला चांदीचा कागद लावते,
बटाटे भाजायचा असतो तोच.
तीन थर, कडेने चिकटपट्टी.
आमच्या घरी रात्र करावी लागते.

कारण झोपला की हात परत येतो.
हे डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळलं.
जागा झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो अख्खा असतो.
तेवढ्यात घास भरवायचे, दूध, औषध.
कधी त्यानंतरही टिकतो.
कधी चमचा वाटेतच थांबतो.

मी बंदरात काट्यावर असतो.
मासळी तोलायची, बर्फाचं वजन वजा करायचं,
वहीत मांडायचं.
घरीही एक वही आहे.
मंगळवार, दहा पन्नास. डावा. चार तास.
गुरुवार, जेवताना. उजवा. पायही.
शनिवार. दोन्ही.
शनिवारच्या पुढे काही लिहिलेलं नाही.

आकुरेयरीच्या दवाखान्यात म्हणाले, फेफरं.
गोळ्यांनी गाल तेवढे सुजले.
मग राजधानीतून थोरगेर्डुर नावाच्या बाई आल्या,
बूट काढून जमिनीवर बसल्या,
दोन तास त्याच्याशी नुसती बटणं लावत राहिल्या.
शेवटी म्हणाल्या, दहा लाखांत एक.
मी हिशेबाचा माणूस.
दहा लाख मासे माझ्या काट्यावरून
एका हंगामात जातात,
आणि कुणीही मला त्यातला एक
असा हातात दिलेला नाही.

लिहितानाच एक काना चुकला, बाई म्हणाल्या,
कुणाच्या घराण्यातून आलेला नाही.
त्या दिवसापासून माझ्या आईने
राग्नाच्या आईकडे बघणं सोडलं.

गार पाणी, वारा, कॅमेऱ्याचा झोत,
कशानेही होतं. आनंदानेसुद्धा.
पाचव्या वाढदिवसाला केक आहे हे
आम्ही त्याला तीन दिवस आधीपासून
थोडं थोडं सांगितलं.
हसूही तोलून.

तो स्वतः म्हणतो, डावा समुद्रावर गेलाय.
इथे सगळ्यांचेच कुणी ना कुणी
समुद्रावर गेलेले असतात,
म्हणून शेजारची मुलं फार विचारत नाहीत.
कधी येणार, एवढंच.

काल संध्याकाळी सहाला डावा गेला.
सातला आम्ही त्याला झोपवला.
रात्री मी बघायला उठलो तर अंथरूण रिकामं
आणि जमिनीवर नाण्याएवढा उजेड.
तो स्टुलावर उभा,
हातात काटा, जेवणाचा,
कागदाला भोक पाडून डोळा लावलेला.

उजेड नको, हे तोंडाशी आलं.
आणि मग दिसलं, काटा कुठल्या हातात आहे.

सवयीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून बारा.
वहीत याला रकाना नाही.
मी दारातच उभा,
पायाखालची फळी करकरली.

"बाबा, हळू," तो मागे न बघता म्हणाला,
"आईची रात्र मोडेल."