खडा

रविवारी पहाटे सहाला जरीपटक्याच्या चौकात
इनवाते सरांची जुनी व्हॅन उभी.
आत दोन चाळण्या, घमेलं, भिंग
आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत कापूस,
सापडेल ते ठेवायला.
नोकरी सुटल्यापासून सहा हिवाळे सर येतात.
डबी भरली नाही,
कापूस मात्र दरवर्षी नवा घालतात.

मी शशिकला मावशीला सोबत घेतलं.
तिला आताशा कुणी विचारत नाही.
गोंदियाच्या लग्नातून, वाटणीच्या कागदातून,
मोबाइलवरच्या कुटुंबाच्या ग्रुपमधूनही
तांदळातल्या खड्यासारखी
चिमटीत धरून बाजूला काढलीय.
"गोटे पाहाले एवढ्या दूर?
माह्या घरासमोर कार्पोरेशननं ढीग टाकला ना!"
म्हणाली, पण आली.
पिशवीत स्वेटर, मोसंबी, आणि एक सूप.
सूप काहून, मी विचारलं नाही.

कामठी गेली, कन्हानच्या पुलावर धुकं,
पुलाखाली नदी आहे हे मानूनच पुढे गेलो.
मनसरची टेकडी उजाडली तरी काळी.
मॅंगनीजच्या मुलखात
नाल्याची वाळूही तव्यासारखी.

"शास्त्रात याला गार्नेट म्हणतात," सर पँट दुमडत म्हणाले,
"इतवारीत गोमेद म्हणून खपतं.
राहूला फरक कळत नाही."
पाणी असं की घोट्याखालचे पाय
दुसऱ्याच कुणाचे वाटावेत.
आम्ही चाळलं. वाकून चाळलं, बसून चाळलं.
मला हिरवं काहीतरी मिळालं
आणि दहा मिनिटं मी श्रीमंत होतो.
सरांनी भिंग लावलं:
बिअरची बाटली,
नाल्यानं घासून गुळगुळीत केलेली.

मावशी काठावर, उन्हात.
ओंजळभर चाळलेली, सुकलेली वाळू सुपात.
पाखडली, घोळली, बोटानं सारली,
तोंडानं शेजारणीच्या सुनेची गोष्ट चालू,
डोळे सुपात.
गोष्ट न थांबवता म्हणाली,
"हे का हो सर?"

डाळिंबाचे दाणे असावेत असे,
पण तिळाएवढे.
अकरा.
सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा काढला.
"कसं दिसलं तुम्हाले?"
"चाळीस वर्षं हेच तर वेचून फेकत आली मी."

रामटेकच्या फाट्यावर डोमाजीचं भोजनालय.
टिनाचं छप्पर, बाजांवर फळ्या.
मागे पारबताबाई कोपरापर्यंत लोंबणारी कणीक
हातावर खेळवून
पालथ्या मडक्यावर टाकतात,
लंबी रोटी धोतरासारखी घडी होऊन येते.
पाटोडीचा रस्सा, वर बोटभर तर्री.
पहिल्या घासाला सरांचे कान लाल,
दुसऱ्याला माझं नाक वाहतं,
तिसऱ्यापासून कुणी कुणाकडे बघत नाही.

मग भात. आणि मावशीच्या दाढेखाली
कट्‌.
डोमाजी धावत आला.
"माफ करा बाई, पोरीनं निवडले आज तांदूळ,
लक्ष नसते तिचं. भाताचे पैसे देऊ नका."
मावशीनं तो तळहातावर घेतला,
गिलासातल्या पाण्यानं धुतला,
दाराच्या उजेडात धरून
एक डोळा मिटून पाहिला.
"तो साधाच आहे," सर म्हणाले.
"असू द्या."
डबी उघडून तिनं त्याला अकरांच्या शेजारी ठेवलं,
कापसाची कड जराशी वर ओढली,
आणि डोमाजीला म्हणाली, "भात वाढ रे अजून.
पोरीले रागावू नको."

परतीला ती झोपली, डबी मुठीत.
सरांनी मागितली नाही.
कामठीजवळ आरशात दोनदा बघितलं, एवढंच.
इंदोऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली
तशी डोळे न उघडताच बोलली,
"पुढच्या रविवारी
सुपं दोन घ्याची का?"