काट्यावर न ठेवलेलं

स्वयंपाकघरातल्या ज्या काट्यावर एरवी बेसन मोजते
तिथं आज कपडे.
मेरिनोची आतली बंडी: एकशे साठ ग्रॅम.
फ्लीस: दोनशे नव्वद.
पिसांचं जाकीट: तीनशे दहा. मुठीत दाबलं तर नारळाएवढं,
सोडलं की फुलक्यासारखं टम्म.
इन्व्हर्नेसला सप्टेंबर सरताना सातलाच अंधारतं
आणि खिडकीखालून नेस नदी अशी पळते
जणू तिला ड्युटीवर उशीर झालाय.

उद्या लॅरिग ग्रूची खिंड.
दोन दिवस, एक तंबू,
मी आणि वॉर्ड सातमधली शर्वाणी टिपणीस.

अ‍ॅव्हिमोरच्या दुकानातली इशबेल म्हणाली होती,
ऊब कापडात नसते, बाई.
कापड नुसतं हवेला सांगतं, बस इथं, हलू नकोस.
मला हे पटायला एक अख्खा डोंगर लागला.
आमच्याकडे सुती म्हणजे चांगलं.
बाळाला सुती, तापात सुती, परीक्षेला जाताना सुती,
घाम पितं म्हणून कौतुक.
इथल्या वाऱ्यात तेच कापड
प्यायलेलं परत देत नाही, पाठीला चिकटून बसतं,
उसने मागायला आलेल्या पाहुण्यासारखं.

आणि म्हसवडच्या बाजारातली ती काळी घोंगडी,
जी टोचते म्हणून मी गळा काढला होता,
ती भिजली तरी उबदार राहायची.
विणणाऱ्याला ठाऊक होतं.
मला नर्सिंगची पदवी घेऊनही नव्हतं.

गेल्या वर्षी सुती टी-शर्टवर निघाले.
चढावर घामाघूम. खिंडीत वारा.
मग बोटांना स्वतःच्या जाकिटाची चेन सापडेना.
मी हसत होते, म्हणे.
शब्द तोंडातून सांडत होते, भातासारखे.
शर्वाणीनं एकदाच नीट पाहिलं माझ्याकडे,
खाटेवरच्या पेशंटकडे पाहावं तसं,
माझं ओलं सगळं उतरवलं
आणि अंगातलं काढून मला घातलं.
चेनही तिनंच ओढली, हनुवटीपर्यंत.
डोंगराच्या कुशीत दगडी झोपडी आहे, बॉथी म्हणतात,
तिथं भिंतीला टेकून ती रात्रभर चहा करत राहिली
गॅस संपेपर्यंत.
दात वाजत होते तिचे.
ती म्हणाली, स्टोव्ह वाजतोय.

आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.
तिनं फक्त एक यादी पाठवली, ग्रॅमसकट,
आणि खाली: निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे.
वाजत नसेल तर जास्त घातलंयस.

यादीप्रमाणे भरलंय सगळं.
कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, ते फक्त झोपताना.
पावसाचा कोट सगळ्यात वर, हाताशी.
आठ किलो सातशे.
फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

मग दिवा घालवायच्या आधी
कपाटातून ते दुसरं जाकीट काढलं,
चॅरिटी दुकानात सहा पौंडाला मिळालेलं,
शेवाळी, बेढब, पिसांऐवजी आत कसलासा कृत्रिम कापूस,
भिजलं तरी रुसत नाही असा.
माझ्या मापाचं नाही. बाह्या पंजाखाली लोंबतात.
शर्वाणी माझ्याहून वीतभर उंच आहे.

काट्यावर नाही ठेवलं.
तळाशी सारलं, तंबूच्या खुंट्यांखाली,
वरून ओट्सची पिशवी.

सकाळी सहाची बस.
दाराबाहेर उभी राहून बघते,
पाठीवर जरा जड लागतंय
आणि हो, थोडी थंडी वाजतेय.